लुक्काच्या तटावरची सायकल

पुण्यात जन्मून, पुण्यात वाढून आणि पुण्यातच इंजिनिअर होऊनसुद्धा शैलेंद्र दांडेकरला सायकल येत नव्हती. कोळ्याला पोहता येऊ नये किंवा कोल्हापूरकराला तिखट सोसू नये, त्यातलाच हा प्रकार. चारचौघांत सांगण्यासारखा नव्हे. शैलेंद्र तो कुणाला सांगायला गेलाही नव्हता. पाहण्याच्या कार्यक्रमात मिरजेच्या संजीवनीनं त्याला एकच प्रश्न विचारला होता, "सायकल चालवता का हो?" आणि त्यानं चहाचा कप बशीत ठेवत शांतपणे उत्तर दिलं होतं, "मी पुण्याचा आहे." त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. पुढे लग्न झालं, दोघं सिंगापूरला आले, पुंगोलला फ्लॅट घेतला, ऋता झाली, आणि चांगी बिझनेस पार्कातल्या एका ऑफिसात शैलेंद्र मॅनेजर झाला. मॅनेजरला सायकलबद्दल कोणी विचारत नाही. माणसानं मोठ्या हुद्द्यावर का चढावं, त्याचं हे एक कारण कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं.

पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, पंख्याखाली पेंगायची वेळ असताना, संजीवनीनं त्याच्यासमोर टॅब आणून ठेवला.

पडद्यावर विटांचा तट होता. तट कसला, तटाच्या डोक्यावरून चक्क रुंद रस्ता गेला होता. दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, आणि त्यांच्या सावलीतून एक म्हातारा आणि एक म्हातारी शेजारीशेजारी सायकल चालवत चालली होती. म्हातारीचा स्कार्फ वाऱ्यावर उडत होता. म्हाताऱ्याला कसलीही घाई दिसत नव्हती.

"हे लुक्का," संजीवनी म्हणाली. "इटलीतलं. जुनं गाव अख्खं तटाच्या आत आहे, आणि लोक तटावरून सायकली चालवतात. तटावरून, शैलू!"

"छान आहे," शैलेंद्र सावधपणे म्हणाला.

"लग्नाला पंचवीस वर्षं होतील जूनमध्ये. मला साडी नको, हार नको, हॉटेलात जेवण नको. आपण दोघांनी या तटावरून एक फेरी मारायची. अशी, शेजारीशेजारी."

सोफ्यावर लोळत पडलेली पंधरा वर्षांची ऋता फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "सो रोमँटिक, पापा. कॅनॉट तहान लाह." सिंगापुरी बोलीतल्या या 'तहान'चा पाण्याशी संबंध नसतो; सहन होत नाही, एवढंच ती म्हणत होती.

खरं सांगून टाकायचं तर हीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलंही. पण संजीवनी पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला न भेटलेली कुणीतरी मुलगी होती. दप्तर कॅरियरला लावून मिरजेच्या रस्त्यावरून सुसाट शाळेला जाणारी. गेली कित्येक वर्षं संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन बसायचा आणि ती समोर बसून फोनवर आईशी बोलायची. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना. त्यानं उघडलेलं तोंड जांभईच्या निमित्तानं मिटलं आणि तो म्हणाला, "जाऊ या की."

दुसऱ्या दिवसापासून तो तट त्याच्या आत शिरला. ऑफिसात मीटिंग चालू असे, कोणीतरी सर्व्हर कुठून कुठे हलवायचे ते सांगत असे, आणि शैलेंद्र झाडांखालून चाललेला असे. डावीकडे कौलारू छपरं, उजवीकडे निळे डोंगर, हॅंडलवर हलका हात. गंमत म्हणजे या स्वप्नात तो फक्त कमरेच्या वर सायकल चालवायचा. खाली पाय काय करताहेत ते कधी दिसतच नसे. एकदा पडद्यावरच्या डॅशबोर्डकडे बोट दाखवून कोणीतरी त्याला विचारलं, "शैलेंद्र, ओके विथ धिस?" तो भानावर न येताच उत्तरला, "येस, शेड इज गुड." त्यामुळे त्या डॅशबोर्डचा फिकट हिरवा रंग कायम झाला. अजूनही तो तसाच आहे, आणि का आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

स्वप्नाचे पाय मात्र त्याचे त्यालाच शोधायचे होते. म्हणून तो प्रबोध सरपोतदारकडे गेला.

प्रबोध त्याच मजल्यावर राहायचा. मराठी मंडळाच्या कमिटीत असल्यामुळे सल्ला देणं हा त्याच्या लेखी छंद नव्हता, कर्तव्य होतं. त्याच्याकडे घडीची सायकल होती. शैलेंद्रनं दार लोटून घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. प्रबोधनं आधी खात्री करून घेतली.

"पुण्याचे ना तुम्ही?"

"हो."

"कुठली पेठ?"

"सदाशिव."

प्रबोधनं चष्मा काढून पुसला. घरात कोणी गेल्याची बातमी कळल्यावर पुसतात, तसा. मग शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका, शैलेंद्रराव. मी शिकवतो. आणि तुम्हाला सायकल येत नाही, हे मी कुणालाही सांगणार नाही. शब्द देतो."

पुढचं सगळं या शब्दानं केलं.

शिकवणी पहाटे सुरू झाली. घरी मॉर्निंग वॉकची थाप. पुंगोलच्या पाण्याकाठच्या वाटेवर तेव्हा अजून अंधार असतो; दिवे पाण्यात लांबलचक उतरलेले असतात आणि वरच्या पुलावरून एलआरटी या छोट्या रेल्वेचा रिकामा डबा ड्रायव्हरशिवाय सरकत जातो, जणू त्यालाही कोणी घरी न सांगता शिकायला पाठवलंय. प्रबोध सीट धरून मागे पळायचा आणि पळता पळता तत्त्व समजावायचा. "तोल हा चाकात नसतो, शैलेंद्रराव, मनात असतो!" घडीच्या सायकलीची चाकं थाळीएवढी, सीट ठेंगणी, शैलेंद्रचे गुडघे हॅंडलच्या वर येत. मनातला तोल चाकापर्यंत पोचायच्या आतच तो झुडपात गेलेला असे.

एकदा तो सरळ ताय-ची करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरला. त्या हात हवेत तरंगवत, डोळे मिटून उभ्या होत्या. "सॉरी, सॉरी" असं ओरडत तो आला, आणि त्यातल्या एका आजींनी डोळे न उघडता, जणू व्यायामाचाच भाग असावा तसा, एक पाय संथपणे बाजूला घेतला. त्यांच्या आणि पुढच्या बाईंच्या मधून शैलेंद्र पार झाला आणि बाकावर आदळला. आजींचा पाय परत जागेवर आला. एवढा सुसंस्कृत अपमान त्याच्या वाट्याला पुण्यातही आला नव्हता.

पावसाच्या दिवशी त्यानं कॉरिडॉरमध्ये सराव करायचं ठरवलं. संजीवनी ऋताच्या शाळेत पालकसभेला गेली होती, कॉरिडॉर लांब होता, आणि प्रबोधच्या मते भिंत दोन्ही बाजूंना असली की माणूस मध्येच राहतो. शैलेंद्र मध्ये राहिला नाही. तो मिसेस कोहच्या दारातल्या कुंड्यांमध्ये गेला. सुवासिक पानांच्या पांदानची एक आणि मिरचीच्या दोन.

"आय्यो! कॅनॉट लाइक दॅट लाह, मिस्टर दांडे!" मिसेस कोह बाहेर आल्या. पण त्याचा खरचटलेला गुडघा दिसताच आत जाऊन पिवळ्या तेलाची बाटली घेऊन आल्या, आणि ते तेल चोळता चोळता त्यांनी आपलाही सल्ला दिला, "लुक फार फार. डोन्ट लुक अ‍ॅट व्हील. व्हील नोज." चाकाला वाट ठाऊक असते म्हणे.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी त्याला चाकात हवा कमी ठेवायला सांगितलं. खालच्या कॉफीच्या दुकानात एकानं जास्त ठेवायला सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या तमिळ काकांनी दोन्हीवर विश्वास ठेवू नका म्हणून बजावलं आणि नवीन सायकलीसमोर लिंबू चिरायची आठवण केली. सायकल नवीन नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "रायडर न्यू, नो?" घरी शैलेंद्रनं गुडघ्याचं कारण 'ऑफिसातलं टेबल' असं दिलं. संजीवनीनं त्या पिवळ्या तेलाचा वास घेतला आणि म्हणाली, "फार कडक टेबलं आहेत रे तुमच्याकडे."

आणि मग एप्रिलमधली एक पहाट अशी आली की प्रबोधच्या पळण्याचा आवाज मागे ऐकू येईना. शैलेंद्रनं मिसेस कोहच्या सांगण्याप्रमाणे लांब पाहिलं. पाणी गुलाबी व्हायला लागलं होतं. पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या एकेक करून सोनेरी होत होत्या. एक बगळा पाण्यात स्वतःकडेच बघत उभा होता, त्याच्या शेजारून तो गेला, पुलाखालून गेला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की हे स्वप्न नाही, कारण या खेपेला खाली पाय दिसताहेत. ते फिरत होते. थांबायची वेळ आली तेव्हा त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकवले. घडीच्या सायकलीवर तेवढं सोपं होतं.

प्रबोध धापा टाकत आला. त्याचे डोळे भरले होते. शिष्य घडवल्याचा आनंद अनावर होऊन त्यानं हेल्मेट घातलेल्या शैलेंद्रचा, मागे गुलाबी पाणी घेऊन, फोटो काढला आणि तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आपले शैलेंद्र दांडेकर जूनमध्ये इटलीत सायकलनं संपूर्ण तट पार करणार! तयारी जोरात!'

प्रबोधनं शब्द पाळला होता. शैलेंद्रला सायकल येत नाही, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता आपल्या भाषेची श्रीमंती अशी की तट म्हणजे भिंत आणि तट म्हणजे किनाराही. मंडळाच्या खजिनदारांनी किनारा धरला. 'इटलीचा संपूर्ण किनारा? ग्रेट!' मग अभिनंदनाचा पूर आला. अंगठे, फुलं, हात जोडलेले. कुणीतरी इटलीचा नकाशा टाकून बुटाच्या टाचेला वळसा घालून दाखवला. शैलेंद्र ऑफिसच्या बसमध्ये बसून खुलासा लिहू लागला. 'किनारा नव्हे, एका गावाची भिंत, तीही सपाट, तासाभराची' असं लिहून झालं, आणि पाठवायच्या आधी त्यानं ते वाचलं. ते इतकं केविलवाणं दिसलं की त्यानं पुसून टाकलं. माणसाचा मोठेपणा कमी करायला सगळे तयार असतात. आपणच कशाला घाई करा?

मे महिन्यात मरीन परेडला एका सभासदाच्या कॉंडोच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि मंडळातर्फे सायकलीला लावायची घंटी. अध्यक्ष मराठी माणसाच्या धाडसावर बोलले. मग शैलेंद्रला बोलायला उभं केलं. त्यानं ठरवलं, बास, आता सांगायचंच.

"मित्रहो, एक गैरसमज झालाय. हा तट म्हणजे किनारा नव्हे. ती भिंत आहे."

"भिंत!" खजिनदार पुटपुटले. "म्हणजे चढ पण आहे!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत बसलेल्या संजीवनीनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बायकोला गहिवरून आलंय असं वाटून शैलेंद्र पुढचा खुलासा सोडून खाली बसला.

व्हिसाच्या अर्जासोबत जोडायचं पत्र प्रबोधनं आधीच लिहून ठेवलं होतं. "पत्र ठसठशीत हवं," तो म्हणाला होता, आणि शैलेंद्रनं ऑफिसच्या गडबडीत न वाचता त्यावर सही ठोकली होती. व्हिसाच्या काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, परत वाचलं, आणि काचेपलीकडून त्याच्याकडे नीट बघितलं. इटलीच्या किनाऱ्यानं सायकल मोहीम? मग धाडसी खेळांचा विमा कुठे आहे? मार्ग कुठे आहे? सायकल विमानानं नेणार का? आणि हॉटेल तर सगळे दिवस एकाच गावात. "सर, एव्हरी डे यू सायकल द कोस्ट, एव्हरी नाइट यू कम बॅक सेम प्लेस?"

"नॉट कोस्ट," शैलेंद्र म्हणाला. "वॉल."

"यू सायकल ऑन द वॉल?"

"ऑन टॉप."

तिनं आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी शैलेंद्रच्या पोटाकडे आणि पत्रातल्या 'एंड्युरन्स अ‍ॅथलीट' या शब्दांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेजारी संजीवनी छताकडे बघत होती. शेवटी त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि खरं कारण तुमच्या हातानं लिहा म्हणून सांगितलं.

शैलेंद्र पेन घेऊन बसला. मागे रांग होती. त्यानं लिहिलं: माझ्या पत्नीला लुक्का गावाच्या तटावरून माझ्याबरोबर एकदा सायकल चालवायची आहे. बाकी काही नाही.

मुलीनं वाचलं. तिचा चेहरा एकदम घरातला झाला. "वाह, सो स्वीट. व्हाय यू नेव्हर से लाइक दॅट?"

आठवड्यानं पासपोर्ट आले, व्हिसा आत चिकटवलेला. जूनच्या सुट्टीत ऋताला प्रबोधच्या बायकोकडे, मेधाकडे, ठेवून दोघं निघाले. "पापा, डोन्ट डाय, ओके?" ऋता विमानतळावर म्हणाली, आणि तिनं त्याला जरा जास्तच घट्ट मिठी मारली.

पिसाला उतरून छोट्या गाडीनं लुक्का आलं. स्टेशनातून बाहेर पडताच समोर तो होता. हिरवळीच्या पलीकडे, उन्हात तापलेल्या विटांचा, लांबच लांब, कसलाही गर्व नसलेला तट. कित्येक शतकांपूर्वी शत्रूसाठी बांधला, शत्रू काही आला नाही, मग गावानं वर झाडं लावून टाकली. शैलेंद्रला ही कल्पना फार आवडली. वर पानांच्या फटींतून सायकली जाताना दिसत होत्या.

"उद्या सकाळी?" संजीवनीनं विचारलं.

"आधी आजूबाजूचं बघून घेऊ," तो म्हणाला. "तट कुठे पळून जातोय?"

म्हणून त्यांनी आजूबाजूचं बघितलं. आधी पिसाचा मनोरा. शैलेंद्र त्याच्याकडे फार आपुलकीनं बघत राहिला. तोल गेल्यावरही इतकी वर्षं तसंच उभं राहून लोकांची वाहवा मिळवणारं दुसरं कोण आहे? मग ऑलिव्हच्या टेकड्या. तिथली झाडं वाऱ्यावर उलटी होऊन सगळा डोंगर रुपेरी करायची, आणि दुपारी एखाद्या भिंतीच्या सावलीत बसलं की वेळ कुठे वाहतोय ते कळत नसे. मग नदीच्या खोऱ्यात वर गेल्यावर एक जुना दगडी पूल, उंटाच्या पाठीसारखा मध्येच उंच उठलेला. पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडून अख्खं वर्तुळ झालं होतं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, हा पूल सैतानानं बांधून दिला, आणि मोबदल्यात पुलावरून जाणाऱ्या पहिल्या जिवावर हक्क सांगितला. गावकऱ्यांनी कुत्रं सोडलं.

"आपला प्रबोध तिथे असता, तर त्यानं सैतानालाही सल्ला दिला असता," संजीवनी म्हणाली. दोघं पुलाच्या माथ्यावर बसून हसत राहिले. खाली पाणी हिरवं होतं आणि इतकं संथ, की ते कुठल्या बाजूला जातंय ते बराच वेळ बघावं लागे.

परतल्यावर गावातल्या एका खानावळीत घट्ट, गरम सूप आलं. संजीवनीनं एक चमचा घेतला आणि तिचा हात थांबला. तिनं एक दाणा बोटांत घेऊन दाबून बघितला.

"शैलू, खपली आहे ही. खपली गहू! आमची आजी खीर करायची याची." ती वाढणाऱ्या बाईंना हातवारे करून विचारायला गेली, त्या बाई आतून कच्च्या गव्हाची मूठ घेऊन आल्या, आणि दोघी तो गहू तळहातावर घोळवत, एकमेकींचं एक अक्षर न कळता, बराच वेळ बोलत राहिल्या. शैलेंद्र बघत होता. इतकं बोलताना त्यानं तिला सिंगापुरात कधी पाहिलं होतं? आणखी एक दिवस काय निमित्त काढावं, या आपल्या विचाराची त्याला एकाएकी लाज वाटली.

"उद्या तट," तो म्हणाला.

सकाळी ते सायकलच्या दुकानात गेले. दुकानाच्या बाई धिप्पाड होत्या आणि सायकलीही त्यांच्याच घराण्यातल्या. घडीची नाही म्हणाल्या. सीट खाली होईना. बोल्ट जाम होता. बाईंनी शैलेंद्रला एका दगडी पायरीवरून अलगद वर चढवलं, चढण ओलांडून तटावर येईपर्यंत स्वतः सायकल धरून नेली, आणि पाठीवर प्रेमानं असा काही धक्का दिला की तो निघालाच.

आणि ते सगळं खरं होतं. झाडांचं छत होतं, त्यातून पडणारे उन्हाचे कवडसे रस्त्यावर हलत होते. डावीकडे गाव खाली होतं, पाटावर मांडून ठेवल्यासारखं. लाल कौलं, कोणाची तरी वाळत घातलेली चादर, बागेत टोमॅटोला पाणी घालणारा बनियनमधला माणूस, आणि एक उंच विटांचा मनोरा, ज्याच्या डोक्यावर खरोखरची झाडं उगवली होती. उजवीकडे निळे डोंगर. मागून संजीवनी आली. तिनं त्याला गाठलं आणि त्याच्या वेगाला आपला वेग लावला. ती एका हातानं चालवत होती.

फेरी पूर्ण होऊन सुरुवातीची जागा दिसू लागली, तेव्हा शैलेंद्रनं थांबायच्या विचारानं एक पाय खाली सोडला. पाय हवेत लोंबकळला. जमीन बरीच लांब होती.

"थांबू या?" संजीवनीनं विचारलं.

"अजून एक फेरी," शैलेंद्र म्हणाला.

तिला आश्चर्य वाटलं. हा माणूस सिनेमा संपायच्या आधी पार्किंगकडे निघणारा. दुसरी फेरी झाली. "अजून एक," तो म्हणाला. तिसरीनंतर तिला तहान लागली. "तू पी पाणी," तो पुढे बघतच म्हणाला, "मी आलो फिरून." ती एका बाकावर बसली. तो आला फिरून, आणि गेला. पुन्हा आला तेव्हा तिच्या हातात आइस्क्रीम होतं आणि शेजारी दोन इटालियन आजोबा बसले होते. हात सोडता येत नसल्यामुळे शैलेंद्रनं मान हलवली. आजोबांनी टोप्या काढल्या.

सुरुवातीला त्याला घाम फुटला होता. संध्याकाळपर्यंत असंच फिरावं लागेल, पाय गळून जातील, तटावरून खाली पडू, मंडळात शोकसभा होईल, खजिनदार बोलतील. पण फिरता फिरता ती भीती मागे कुठेतरी गळून पडली. तोच वळणाचा बुरूज परत येत होता, तीच चादर, तोच मनोरा, आणि दर वेळी जरा वेगळा. चादर आता वाळली होती. टोमॅटोवाला घरात गेला होता. कुठून तरी बडीशेपेच्या पावाचा वास आला. त्याला वाटलं, एवढी वर्षं आपण सगळीकडे पोचायच्या घाईत होतो. इथे पोचायचं असं काही नाहीच. रस्ता नुसता गोल आहे आणि सावली आहे.

शेजारी चाकांचा आवाज आला. संजीवनी परत सायकलवर होती.

"शैलू, काय झालंय?"

"संजू, मला उतरता येत नाहीये. पाय पोचत नाहीत." आणि मग, लांब बघत, "मला सायकल येतच नव्हती. एप्रिलपर्यंत."

"माहितेय."

हॅंडल डगमगलं. "प्रबोधनं सांगितलं?"

"पुढे बघ! कुणी नाही सांगितलं. मॉर्निंग वॉकहून आलेल्या माणसाच्या पॅंटला रोज चेनचं काळं ग्रीस लागतं होय? मीच धुते ना त्या पॅंटी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबला असतास."

झाडांच्या सावल्या दोघांवरून एकामागून एक सरकत गेल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, ते त्याला बघता येईना, कारण पुढे बघायचं होतं.

"आता ऐक," ती म्हणाली. "पुढचा बुरूज आला की आत गवत आहे. आतल्या बाजूला, बाहेरच्या नाही! बाहेर खंदक आहे. ब्रेक हळू दाब आणि गवतावर पड."

"पडू?"

"पड. मऊ आहे."

शैलेंद्र दांडेकर, मराठी मंडळाचे सत्कारमूर्ती, बुरुजावरच्या गवतात घुसले, थोडे चालले, थोडे तिरके झाले आणि पूर्ण विचारांती डावीकडे कोसळले. सायकल त्यांच्यावर आली. बाकावरून आजोबा धावत निघाले. संजीवनीनं आपलीही सायकल गवतात टाकली, त्यांना हातानंच थांबवलं, "नको, नको, बरे आहोत आम्ही," असं मराठीतच सांगितलं, आणि त्याच्या शेजारी आडवी झाली. वर पानं हलत होती. दोघांचे श्वास हळूहळू एका लयीत आले. गावातल्या कुठल्या तरी घंटा वाजल्या, मग दुसऱ्या, मग सगळ्या थांबल्या.

"लागलं का रे?"

"कोपराला. थोडं."

"चल, देऊन टाकू सायकली. तास कधीच संपलाय."

तो उठून बसला. केसांत गवत होतं. तटावरचा रस्ता झाडांखालून वळून पुढे गेला होता आणि तिथे कोणीच नव्हतं.

"अजून एक फेरी मारू," तो म्हणाला.

"आणि उतरायचं कसं?"

"ते नंतर बघू," शैलेंद्र म्हणाला आणि सायकल उभी केली. "आधी मला चढव तर."

संजीवनीनं ओढणी कमरेला खोचली, दोन्ही हातांनी सीट धरली आणि म्हणाली, "टांग टाक."